कापलेली कॉलर

नाही बसवणार म्हटलं ना! कॉलर आहे माझ्याकडे, तशीच लोकर, तसाच रंग – पण नाही बसवणार. फाटलेली नाहीये ती पोरा, कापलीय. विमानातल्या पोरांची ही मेंढीच्या कातड्याची जाकिटं मी लढाईची चार वर्षं शिवली, इथेच, ग्लास्टनबरीच्या कारखान्यात – मला कोण शिकवणार? आधी पाठ अख्ख्या कातड्याची निघायची, मग कातडी मिळेनाशी झाली न् आम्ही तुकडे जोडत बसलो – ही बघ, पाठीवर शिवणीच शिवणी. वडिलांचं ना? विमानाच्या शेपटाकडच्या बंदुकीवर बसायचे – कसं ओळखलं? अरे, कॉलर तेच कापायचे! गारठा हाडं गोठवणारा, पण एवढी जाड लोकर मानेशी आली की मान वळत नाही, आणि त्यांचं कामच काय – मान वळवून बघत राहायचं. आमचा पर्सी, माझा भाऊ, तोही तिथेच बसायचा. रजेवर आला तेव्हा म्हणाला, एडी, काप गं ही कॉलर, डावीकडचं दिसत नाही. मी म्हटलं, सरकारी माल आहे, मेले तरी कापणार नाही. मेले कुठे – बसलेय की इथे! पर्सीच्या विमानातला एकच जण वाचून आला, त्याने सांगितलं, शत्रूचं विमान डावीकडून आलं म्हणून. मी कुठे विचारलं होतं त्याला?

हा काप बघ. चामड्याच्या बाजूने रापी फिरवलीय, लोकरीचा केस तुटलेला नाही – कात्रीने असं होत नाही. हे कारखान्यातल्या बाईचं काम. आईचं नाव काय म्हणालास? डोरीन? डोरीन पिटमन? – माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती. नवऱ्याचं जाकीट पिशवीत घालून आणलं होतं तिने, जेवणाच्या सुट्टीत कापत होती, मी पाहिलं – आणि मुकादमीणबाईंना जाऊन सांगितलं. मग? नियम काय मी एकटीनेच पाळायचे? त्याच दिवशी काढून टाकली तिला. पर्सी तेव्हा जिवंत होता. गेलेला असता तर – तरी सांगितलं असतं. जास्तच तावातावाने सांगितलं असतं.

तिचा नवरा परत आला, म्हणून तू आहेस. आणि तुला मोटरसायकलवर मानेला थंडी वाजते! मफलर गुंडाळ.

आईने कधी माझं नाव – नाही ना? बरं केलं.

उचल ते जाकीट. आणि दार ओढून घे, गारठा आत येतो.