मंगळवारची भाकरी

माझं माहेर गंगेच्या, आमच्या हितल्या नदीला गंगाच म्हणतात, तिच्या पल्याड, मखमलाबादच्या अंगाला. आम्ही माळी. बाप झेंडू-शेवंती लावायचा, आन् लगीन झालं तेबी फुलाच्याच मळ्यात, गंगापूरच्या वाटेला, म्हंजे काय सांगू तुम्हाला ताई, घर बदललं पर काम तेच, सकाळी उजाडायच्या आत फुलं तोडायची, पाटी डोक्यावर घ्यायची आन् नदीकाठच्या बाजारात जाऊन बसायचं, आन् हे सगळं उपाशीपोटी बरं का. सुनेनं आधी खायचं नाय. सासरा जेवणार, मालक जेवणार, आत्याबाई म्हंजे माझी सासू, त्या जेवणार, मंग उरलं तर मी. त्याचं मला वाईट नव्हतं वाटत, माझी आईबी तशीच जेवायची.

नवरात्र चालू होतं. झेंडूला तवा लय मागणी, कामाला उसंत नाय, आन् वरनं कडक उपास. आरतीला उभी ऱ्हायले आन् हातपाय लटलटा कापाया लागले, घाम फुटला, डोळ्यापुढं आंधारी, तोंडातनं काय बोलले मला ठाऊक नाय. आत्याबाई ओरडल्या, आई आली, माझ्या सुनेच्या अंगात आई आली. झालं. बायांनी मळवट भरला, ओटी भरली, कुणी इचारतंय गाय कुठं गेली, कुणी इचारतंय पोर कधी व्हईल. मंग शांत हो आई म्हणून गूळपाणी पाजलं तशी मी शुद्धीवर आले. बाया म्हणाल्या देवी निवली. एरवी गूळ माझ्या हाताला कुठं लागत व्हता ताई, त्या गुळानंच मी उठले, पर हे तवा माझ्या ध्यानात आलं नाय, कुणाच्याच नाय.

तवापासनं दर मंगळवारी मला उपास. कडक. दिवा लागल्याबिगर पाणीबी नाय, का तर देवी यावी. आन् ती यायची. का नाय येणार.

मला आवडत नव्हतं असं नाय हां. ज्या आत्याबाई माझ्या ताटात मीठबी वाढत नव्हत्या त्या माझ्या पायावर डोकं ठेवत व्हत्या. असं सुख कुणा सुनेला मिळतं. पर बुधवारी उठवायचं नाय. अंगातला जीव कुणी पिळून काढल्यागत. फुलं ओवायला बसले की दोरा सुईत जायचा नाय.

मंग एका मंगळवारी बाजारातच पडले. शेजारी अमीनाबी बसायची, बांगड्यावाली. तिनं हळदकुंकू नाय शोधलं, तिनं टांगा शोधला आन् दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन-तीनदा बोलावलं, तपासलं, खोदून खोदून इचारलं काय खातीस, कधी खातीस. म्हणाल्या, तुझ्या रक्तातली साखर उतरती. मी म्हटलं बाई, आमच्या घरात साखर दिवाळीला येती, ती आत्याबाईंच्या डब्यात ऱ्हाती, माझ्या रक्तात कुठनं यायची. त्या हसल्या नायत. म्हणाल्या, उठल्याबरोबर भाकरी खायची, थोडं थोडं पर येळच्या येळी, ओच्यात चणे-शेंगदाणे ठेवायचे, उसळ, दूध मिळंल ते घ्यायचं. कापरं भरलं तर गूळ खा, पर नुसत्या गुळावर ऱ्हाऊ नको, गुळानं माणूस उठतं आन् घटकाभरानं पुन्हा बसतं, पाठोपाठ भाकरी पायजे. आन् उपास बंद.

उपास बंद! सांगायला काय जातंय. घरी सांगितलं तर आत्याबाई म्हणाल्या, आईला उपाशी ठेवून तू खाणार व्हय. मालक खाली मान घालून जेवत व्हते, जेवतच ऱ्हायले. मी गोठ्यामागं बसून पहाटची भाकरी खायाला लागले. मंगळवारी बाया आल्या, बसल्या, वाट बघितली, मी आपली ठणठणीत. दोन-तीन मंगळवार असेच गेले आन् बाया यायच्या बंद झाल्या. आत्याबाई मला उष्ट्या तोंडाची म्हणाया लागल्या. म्हणू द्या. मला सुईत दोरा घालता येत व्हता.

पर माझी पोरगी यमुना, तिला नववं लागलेलं, अंगानं काडी. आत्याबाईंनी तिला उपास धरायला लावला. म्हणाल्या, आईनं घर सोडलेलं नाय, आंग बदललंय. मी लय भांडले ताई, जन्मात भांडले नाय इतकी. पोरीला माझ्यासारखं करू नका म्हटलं. कोण ऐकतंय. पोरगी आजीच्या कुशीत निजायची, आजी सांगंल ते करायची.

एका मंगळवारी बाजारातनं आले तर दारात चपलांचा ढीग. आत पोरगी मधी बसवलेली, मळवट भरलेला, घामानं कुंकू गळ्यापातुर आलेलं आन् थरथर कापती. बायांना ढकलून आत शिरले, ओच्यातला गुळाचा खडा तिच्या दातात सारला. आत्याबाई ओरडल्या, इटाळ केलास. मी म्हटलं, गप बसा. पहिल्यांदाच म्हटलं.

थोड्या येळानं पोरीनं डोळे उघडले आन् एवढंच म्हणाली, भूक लागली.

मंग कोपऱ्यातली एक म्हातारी हात जोडून म्हणाली, आई भुकेली हाय गं, आईला वाढा. आन् ताई, घरोघरनं ताटं आली. आत्याबाई सोता घास भरवत व्हत्या. माझी पोरगी भुकेली हाय असं मी म्हणत व्हते तवा कुणी उठलं नाय, देवी भुकेली म्हटल्यावर आळी धावली. माझ्या तोंडावर आलं व्हतं, आवं ही माझी यमी हाय. गिळलं. पोरगी खात व्हती.

आता मंगळवारी उपास नाय. सकाळीच ताट येतं. पयल्यांदा पुरणपोळ्या यायच्या, मी सांगितलं, आईला गोड सोसत नाय, भाकरी-उसळ आणा, तर तेबी ऐकतात. बाकीच्या दिवशी मी आत्याबाईंना म्हणते, आईची मर्जी राखा, तर त्या पोरीला उठल्याबरोबर भाकरी-दूध देतात. पोरगी जरा भरलीय. मला खोटं बोलायची हौस नाय, पर खरं बोलायला अंगात जोर लागतो, तो फुलं तोडण्यात जातो.

तुम्ही लांबनं आलात, चार घास खाऊन जा, बसा हितं आजीजवळ. माझं काय, मी खाईन गोठ्यामागं.