तिसऱ्या रकान्यातली ओळ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील कार्यकारी मंडळ, सत्कार नको नको म्हणत अखेर खुर्चीवर बसलेल्या आपल्या शिवणबाई, त्यांच्या सूनबाई, आणि समोरच्या आजी-माजी विद्यार्थिनींनो,

संस्थेच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं टंकलेखन करतो. दुसऱ्यांची भाषणं पुष्कळ टाइप केली, स्वतः करायची ही पहिलीच खेप. तेव्हा गाडी जरा अडखळेल.

अध्यक्षसाहेब आत्ताच म्हणाले, तयार कपड्यांच्या जमान्यात शिवण कोण शिकणार? काळापुढे कुणाचं चालतं? सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली. ते पाहून मला बसवेना, म्हणून ही दोन मिनिटं मागून घेतली.

आपल्याला आठवत असेल, महिनाअखेर पंधरा नवी नावं आली तर वर्ग चालू, नाही तर बंद, असं मंडळानं ठरवलं होतं. त्यासाठी माहितीपत्रक काढायचं होतं. बाहेरचा माणूस कशाला, मी करतो की, असं मीच छाती ठोकून म्हणालो. पत्रं टाइप करतो त्याच प्रोग्राममध्ये कागद आडवा केला, तीन रकाने पाडले, शिलाई यंत्राचं चित्र घातलं, मथळा निळा केला. पहिली प्रत घडी घालून बाईंना दिली. त्या म्हणाल्या, "अगंबाई, हे तर एखाद्या मोठ्या कॉलेजचं वाटतंय! आता येतील हो मुली." ती प्रत त्यांनी वर्गाच्या भिंतीवर लावली.

त्याच दुपारी निरोप आला, मागच्या बाजूचं 'अध्यक्षीय मनोगत' जरा उठून दिसू द्या. साहेब, रागावू नका, दोष तुमचा नाही. मी अक्षरं मोठी केली आणि पुन्हा न बघता हजार प्रती काढल्या.

आता घडीचं गणित असं, की बाहेरच्या पानाचा मधला रकाना म्हणजे पत्रकाची पाठ, आणि उजवीकडचा तिसरा म्हणजे मुखपृष्ठ. मनोगताखाली वर्गाच्या वेळा होत्या. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत : 'फक्त रविवारी शिवणवर्ग बंद राहील.' अक्षरं फुगली, मजकूर सरकला. 'फक्त रविवारी' मधल्या रकान्याच्या तळाशी राहिलं. उरलेले शब्द उडी मारून मुखपृष्ठाच्या माथ्यावर जाऊन बसले.

शिवणवर्ग बंद राहील.

मंडळानं गठ्ठे उचलले, दुकानादुकानांत ठेवले. वाचलं कुणी? पत्रक वाटणारा ते कधी वाचतो का? मला कळलं ते बटणवाल्या काकूंकडून. "बंद करताय होय? आधी कळवलंत ते बरं झालं. पाच-सहा जणी विचारायला आल्या होत्या, त्यांना मी हेच दाखवलं."

मुदतीला तेव्हा चार दिवस होते. चार दिवसांत काय झालं नसतं? दारोदार फिरता आलं असतं. निदान मंडळापुढे तोंड उघडता आलं असतं. पण छाती ठोकली होती ना! उरलेले गठ्ठे कपाटामागे ढकलले आणि मूग गिळून बसलो.

दोन नावं आली. बाई माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या, "माझंच शिकवणं जुनं झालं असेल हो. भाचीकडून नव्या पद्धतीचे गळे शिकतेय, पण आता हात वळत नाही." मी म्हणालो, "काळच तसा आलाय, बाई." साहेबांच्या भाषणात काळ आला तोही माझाच. टाइप करताना मीच घातला.

बाई, सव्वीस वर्षांत तुमच्या हातचा एक गळा वाकडा गेला नाही. मुली येत होत्या. मी त्यांना दारातून परत पाठवलं. यंत्रं विकली गेली, खोलीचं कुलूप बदललं, आता हे सांगून काहीही सांधणार नाही. तरी तुम्ही घरी जाताना स्वतःला बोल लावत जाऊ नये, एवढ्यासाठी उभा राहिलो.

संयोजकांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. पत्रकातलं मात्र घालू नका.