शेजारच्या टीव्हीचा आवाज

मी सौ. सरोजिनी वामन मोहिते, वय ६३, धंदा घरकाम, राहणार तिसरा मजला, सुवर्णरेखा फ्लॅट्स, सुभानपुरा, बडोदे. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या भिंतीला लागून श्रीपतराव माने, वय ७४, एकटे राहतात. त्यांना कमी ऐकू येतं. मुलीने कानाचं मशीन आणून दिलंय, ते लावत नाहीत. दिवसभर खुनाच्या सिरियल मोठ्या आवाजात बघतात. सुरुवातीला पलीकडे एखादी बाई किंचाळली की माझ्या हातातली वाटी पडायची. आता खून चालू असताना मी पोळ्या लाटते, एकही वाकडी होत नाही.

काल दुपारी लाइट गेली होती. मी वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून धपाधप आवाज आले. कोणीतरी "चूप बेस, काका!" म्हणालं. मग "अहो सरोजिनीवहिनी, वाचवा!" असं ऐकू आलं. आमचे हे पलंगावरूनच म्हणाले, "आज जरा जास्तच मारतायत," आणि कुशीवर वळले. सिरियल हिंदी, चोर गुजराती, मार खाणारा मराठी. मला वाटलं, आता असंच बनवत असतील. त्यात माझ्या नावाची बाई आहे याचं, खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

मी लाटण्याने भिंत ठोकली आणि ओरडले, "आवाज कमी करा!" लगेच कमी झाला. इतक्या वर्षांत त्या घरातून पहिल्यांदाच कोणी माझं ऐकलं. साहेब म्हणतात, हे लिहायची गरज नाही. लिहा.

थोड्या वेळाने पंखा फिरू लागला आणि शेजारी टीव्ही सुरू झाला. अगं बाई! टीव्ही आत्ता लागला, तर मघाशी कोण ओरडत होतं? हातात लाटणं होतं, तशीच धावले. दार उघडंच होतं. श्रीपतराव सोफ्याशी पडले होते, कपाळ फुटलेलं, गळ्यातली साखळी गेलेली. रक्त बघून आधी मनात आलं, हे फारच पातळ आहे. हात लावला तर गरम. तेव्हा मी किंचाळले. कोणी आलं नाही. खालच्या कोमलबेन नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, काकांचा टीव्ही." शेवटी मीच फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. चोराला मी पाहिलं नाही.

आज सकाळी दवाखान्यात श्रीपतरावांनी विचारलं, "वहिनी, मी एवढ्या हाका मारल्या, तुम्हाला ऐकू नाही आल्या?" मी म्हटलं, "नाही हो भाऊजी." जीभ कशी रेटली, देव जाणे. ते म्हणाले, "असू द्या, वय झालं आपलं. माझं मशीन नुसतं पडलंय, ते तुम्ही वापरा." डोक्याला टाके पडलेला माणूस मलाच धीर देत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन घेतलं, आत्ता पर्समध्ये आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. शब्द न् शब्द ऐकू आला, मी सांगितला तसाच आहे. श्रीपतरावांपुढे मात्र तो वाचू नये. वाचावाच लागला, तर त्यांचा टीव्ही चालू असताना वाचावा.