साडेतीन तासांचं जर्मनी

(मोशी. दुपारी दत्तोबाच्या ओट्यावर सासरा आणि सून शेंगा फोडत बसलेत.)

दत्तोबा : म्हंजे विमान वाटंत कुठंच टेकलं न्हाई?

विजयश्री : नाही हो मामा. मुंबई ते फ्रँकफर्ट, थेट. तिसऱ्यांदा सांगतेय.

दत्तोबा : अगं, बावीस वर्सं झाली, चाकणच्या कंपनीची गाडी चालवतोय. जर्मन सायबांना विमानतळावरनं आनायचं म्हंजे मीच. हरेकाला इचारतो, किती तास लागलं? कुनी साडेआठ म्हनतं, कुनी नऊ. साडेसहा हजार किलोमीटर हाय ते. आन् आपला सुजित काल सकाळी दहाला उडाला, दीडला मेसेज, पोचलो. साडेतीन तास तर कधीमधी मी चाकणच्या चौकातच बसतो.

विजयश्री : तिकडचं घड्याळ आपल्या मागं असतं, मामा. साडेतीन तास.

दत्तोबा : त्याचं असंल मागं. माझं कुठं मागं हाय? मेसेज माझ्या मोबाइलात आलाय. दीडला, जेवताना.

विजयश्री : वारा मागून असला की लवकर पोचतं म्हणे.

दत्तोबा : निम्मा रस्ता वाऱ्यानंच कापला व्हय?

विजयश्री : तुम्ही पोटच्या पोरावर संशय घेताय.

दत्तोबा : त्याच्यावर मागनं. आदी तुझ्यावर. परक्यांना सोडतो मी विमानतळावर, आन् पोरगा म्हनतो भाड्याच्या गाडीनं जातो, तुमची ड्युटी बुडंल. तवाच टोचलं मला. आज स्टँडवर धम्मरत्नाला इचारलं, मुंबईपासनं साडेतीन तासांवर काय येतं? त्याचा मेव्हना तिकडं असतो. म्हनला, दुबई.

विजयश्री : तसं नसतं ते मामा...

दत्तोबा : शेंगा ऱ्हाऊ दे. माझ्याकडं बघ, पोरी.

विजयश्री : ह्यांच्या कंपनीनं जर्मनीचं ट्रेनिंगच रद्द केलं. मार्चमध्ये. नुसतं तेवढंच नाही, त्यांच्या लाइनवरची अकरा माणसं काढली. त्यात हे पण.

दत्तोबा : मार्चात? मग तीन म्हैनं रोज डबा घिऊन कुठं जात हुता?

विजयश्री : काम बघायला. भोसरी, तळेगाव, कुठं कुठं. शेवटी दुबईत मशीनशॉपमध्ये लागलं. काम चांगलंय. कागद मी स्वतः वाचलेत, ओळ न् ओळ.

दत्तोबा : आन् मला सांगाया काय झालं हुतं?

विजयश्री : चौकात फ्लेक्स कुणी लावला? केवढा तो फोटो, 'जर्मनीला रवाना'. तुमच्या सायबांना पण दाखवलात, मोबाइलवर. हे म्हणाले, दादांना आता कोणत्या तोंडानं सांगू?

दत्तोबा : फ्लेक्स काय, उतरवता येतो.

विजयश्री : रागावलात?

दत्तोबा : मग काय नाचू? ... जेवला का त्यो तिकडं?

विजयश्री : हो. खोलीत आणखी तिघं आहेत, एकजण सांगवीचाच निघाला. फोन लावू? बोलता?

दत्तोबा : नको. आन् मला कळलंय, हे त्याला तू सांगायचं न्हाई. त्याच्या तोंडानं येऊ दे.

विजयश्री : आणि नाहीच सांगितलं तर?

दत्तोबा : तर मी रोज इचारीन, तिकडं थंडी किती हाय म्हनून.