कोंडवाड्यातली मोटार

डॉक्टर : कोंडवाड्यात? अहो रामराव, मी माझ्या मोटारीबद्दल विचारतोय!

रामराव : मीबी मोटारीचंच सांगून राह्यलो, डाक्टर. काल सकाळी नेऊन टाकली. आमच्याच जोडीनं ओढली, दोरखंड बांधून. तुमी आधी बसा, पानी प्या. आत्ता तं बुलढान्याच्या सर्व्हिसगाडीतून उतरले.

डॉक्टर : पाणी नको मला. दोन दिवस गावाला काय गेलो, घरमालकानं मोटार कोंडवाड्यात घातली! लोकांच्या पिकात शिरलेली ढोरं कोंडायला असतो कोंडवाडा. मोटार ढोर आहे का?

रामराव : तो मोतीराम कोंडवाड्यावाला, त्याचंबी हेच तुनतुनं. म्हने, शिंगं नाईत, शेपूट नाही, मी इले काय म्हनून धरू? म्या म्हनलं, दुसऱ्याच्या अंगनात इचारल्याबिगर उभी राहते का? राहते. खाली घान करते का? करते. माही घरवाली रोज सकाळी शेनसडा टाकते अन् रोज तुमची मोटार तथी काळं तेल गाळते. मंग ढोर नाही तं काय हाय? पटलं त्याले. फाटक उघडून देल्लं.

डॉक्टर : मी तुमचा भाडेकरू आहे. वाटेवरचा माणूस नाही.

रामराव : हाव ना, भाडेकरू. पन कशाचे? दोन खोल्यांचे अन् पुढच्या ओसरीचे. अंगन म्या कोनाले देल्लं? तुमी राह्याले आले तवा दोन पेट्या अन् एक कंदील होता. हे लचांड मागून आलं.

डॉक्टर : लचांड काय! डॉक्टरला रात्री-अपरात्री बोलावणं येतं. मोटार दाराशी नसली तर मी काय गावभर हुडकत फिरू?

रामराव : कोनाचं येते बोलावनं? म्या तं पाह्यलं, आठ-आठ दिवस जाग्यावरून हालत नाही. कोंबड्या अंडी घालून राह्यल्या गादीवर.

डॉक्टर : पेट्रोल कुपनावर मिळतं, रामराव! लढाई चालू आहे. जे थोडंफार मिळतं ते अडलेल्या बाईसाठी राखून ठेवतो. म्हणून तर स्वतः कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिसगाडीत हाडं खिळखिळी करून घेत बुलढाण्याला गेलो.

रामराव : ते समदं खरं. पन आज काय हाय?

डॉक्टर : आज? पोळा.

रामराव : पोळा! अन् तोरनाखालून पयली जोडी कोनाची निंघते? आमची. माह्या आज्यापासून तो मान या घरचा हाय. ते जोडी झूल पांघरून, बाशिंग बांधून, वाजतगाजत ज्या दरोज्यातून बाहीर पडते, त्या दरोज्यात बरोब्बर तुमची मोटार. मानूस एक वेळ अंग चोरून जाईन. बैल अंग चोरते का? तीनदा सांगतलं तुमाले.

डॉक्टर : तीनदा बाजूला घेतली मी.

रामराव : हातभर! तो माहा चुलतभाऊ उकंडराव पारावर बसून दात काढून राह्यला होता. म्हने, रामरावदादा, यंदा मोटारच ने तोरनाखाली, तिलेच पोळी चार. मंग माहं डोकं सनकलं.

डॉक्टर : डोकं सणकलं तुमचं, आणि कोंडली मोटार. वा! मला विचारायचं तरी.

रामराव : कोनाले इचारू? तुमी बुलढान्याले. मोटारीले इचारू?

डॉक्टर : ठीक आहे. मी आत्ताच तहसिलात जातो. तिथंच होऊ दे काय व्हायचं ते.

रामराव : आज पोळ्याची सुट्टी हाय.

डॉक्टर : अहो, काय माणूस आहात तुम्ही! फाटकाची किल्ली कुणाकडं आहे तेवढं तरी सांगा.

झुंबरबाई : अहो, ऐकता का? ते भांडन घाला चुलीत. सुलतानपुरावून कडूबा आला.

रामराव : कोकिळेच्या घरचा गडी? अन् आज, सनाच्या दिशी? झुंबर, तुह्या तोंडाले काय झालं? बोल ना.

झुंबरबाई : आपली कोकिळा अडली. काल सांजेपासून कळा देऊन राह्यली. पोर आडवं हाय म्हनते सुईन. तिनं हात टेकले. डाक्टर आना म्हने, नाई तं माह्यावर बोल ठेवू नका. सनाचं कोनी बैलबंडी जुपेना, म्हनून कडूबा पायी निंघाला बिचारा.

रामराव : म्या म्हनलं होतं, दुसरं बाळंतपन असलं म्हनून काय झालं, इकडेच आना पोरीले. पन तिची सासू...

झुंबरबाई : ते मागून म्हना! डाक्टरसायेब, हे दोन हात जोडले तुमच्यापुढं. एकच लेक हाय आमाले.

डॉक्टर : हात खाली करा, बाई. पाणमोट कधी फुटली, काही बोलला का तो?

झुंबरबाई : पहाटीच फुटली म्हने.

डॉक्टर : मग थांबण्यात अर्थ नाही. माझी पेटी तयारच आहे. पाच कोस, पक्की सडक, मोटारीनं अर्ध्या तासात पोचतो. मोटारीनं...

झुंबरबाई : माय वं! मोटार तं यायनं...

रामराव : चाला. चाला ना कोंडवाड्यात. मोतीरामले उठवतो, फाटक उघडलं की झालं. काय लागते त्याले?

(फाटक उघडायला काहीच लागलं नाही, लागलं ते पुढं. रात्रभर पाऊस पडलेला, ढोरांनी तुडवून तुडवून कोंडवाड्यातल्या काळ्या मातीचा नुसता राडा झालेला, आणि त्या राड्यात डॉक्टरांची मोटार अर्ध्या चाकापर्यंत रुतून बसलेली. रामरावांनी धोतराचा काचा मारून स्वतः खांदा लावला. मोतीराम लागला, चार गडी लागले. इंजिन गुरगुरलं, चाकं गरगर फिरली, सगळ्यांची तोंडं चिखलानं माखली आणि मोटार आणखी वीतभर खाली गेली. बायकोला त्यांनी घरी जाऊन देव पाण्यात ठेवायला सांगितलं आणि कुणाची तरी बैलजोडी मिळते का म्हणून ते गावभर फिरून आले. आता कुंपणाशी गाव गोळा झालं आहे. काल हीच मोटार इथं ओढून आणताना रामराव मिशीला पीळ भरत होते, हे कोणीही विसरलेलं नाही. त्यांनाही ते चांगलं आठवतं आहे, आणि म्हणून त्यांना कुणाच्या तोंडाकडं बघवत नाही.)

डॉक्टर : काय झालं? कोण देतंय जोडी?

रामराव : कोनी नाही.

डॉक्टर : कोणी नाही म्हणजे? येताना प्रत्येक दारात बैल पाहिले मी.

रामराव : तुमी शहरात वाढले, तुमाले काय सांगू. काल सांजेले हळद-तूप लावून बैलाचे खांदे मळतात. उद्या जेवाले ये म्हनून त्याच्या कानात आवतन देतात. मंग तोरन तुटून पोळा फुटेपर्यंत त्याच्यावर जू ठेवत नाहीत. सख्ख्या भावासाठी नाही ठेवत. वर्सातून एक दिवस हाय त्याचा. उकंडरावाच्या दारात गेलो. डोक्याचं पागोटं त्याच्या पायावर ठेवाचं तेवढं बाकी राह्यलं होतं. त्याच्याबी डोयात पानी आलं. म्हने, दादा, माहा जीव मांग, आज बैल नको मांगू.

डॉक्टर : टांगा?

रामराव : टांगेवाला सासुरवाडीले गेला, घोड्यासगट.

डॉक्टर : कमाल आहे! एका बाईचा जीव टांगणीला, गावभर बैल नटून उभे, आणि मी पेटी घेऊन चिखलात! रामराव, आता तुम्हाला स्पष्टच सांगतो. आडवं मूल असं फार वेळ राहत नाही. मूल तर जातंच. मागोमाग आई जाते.

रामराव : नका बोलू असं.

डॉक्टर : मग काय बोलू? मोटार दाराशी असती तर आत्तापर्यंत मी तिच्या उशाशी असतो.

झुंबरबाई : सरका. रस्ता द्या मले. सरका म्हनलं ना!

रामराव : झुंबर? हे काय आनलं तू?

झुंबरबाई : जोडी आनली. आपली.

रामराव : भ्रमिष्ट झाली का? आवतन देल्लेली जोडी हाय!

झुंबरबाई : आवतन म्या देल्लं. तूप म्या लावलं. तुमी त्या वख्ताले पारावर बसून मोटार कशी ओढली तेच सांगत होते. माफी मांगाची तं मी मांगीन त्याइले. तुमी जू ठेवा.

रामराव : अवं, आज याइच्यावर जू पडलं तं तोरनाखाली उभं नाही करनार कोनी. अन् एकदा मान उकंडरावाच्या घरी गेला तं तो काय वापस येते? आज्यानं, बापानं सांभाळला, अन् माह्या हातून जाईन. समजते का तुले?

झुंबरबाई : समजते. लगन होऊन आली तवापासून दरवर्साले मीच ओवाळते याइले. पन मले एक सांगा, उद्या कोकिळा नसली तं तो मान कुठी ठेवसान? खुटीले टांगसान?

रामराव : हळू बोल. लोक पाहून राह्यले.

झुंबरबाई : पाहू द्या! कालबी पाहत होते. काल लय हौस होती तुमाले लोकायनं पाह्याची.

डॉक्टर : अहो, तुमचं काही ठरतंय का? इंजिन चालू करून बसलोय मी. पेट्रोल जळून चाललंय!

रामराव : थांबा. थांबा जराक, डाक्टर. मोतीराम, तुह्या बंडीचं जू आन. पाहत काय राह्यला बे, आन लवकर! झुंबर, बाशिंग सोड त्याइचे. झूल काढ, चिखल लागन. घुंगरं... घुंगरं राहू दे. नाही, तेबी काढ.

झुंबरबाई : काढले. हे पाहा, जू आलं. द्या इकडे, मी बांधीन.

रामराव : नको. काल म्याच जुपले होते हौसेनं, आजबी म्याच जुपीन. ये बापा पवळ्या. चांद्या, ये. दोरखंड नीट पाह्य रे मोतीराम. डाक्टर, द्या जोर! हो! हो! ओढ रे बापा, ओढ!

झुंबरबाई : हालली! हालली हो! निंघाली!

डॉक्टर : बाई, बसा चटकन. चिखलाचं राहू द्या, गादी धुता येते. कडूबा, तूही बस मागं. रामराव, तुम्ही?

रामराव : तुमी जा. मले याइले घरी न्याचं हाय.

*

डॉक्टर : रामराव? अहो, दिवेलागण झाली, आणि गोठ्यात असे अंधारात काय बसलात?

रामराव : डाक्टर! कोकिळा?

डॉक्टर : बरी आहे. मूल आतल्या आत फिरवून काढावं लागलं. रक्त पुष्कळ गेलंय, महिनाभर कामाला हात लावू द्यायचा नाही, तिच्या सासूला तसा दमच भरून आलोय. पण बरी आहे. नात झाली तुम्हाला.

रामराव : अन् ते? ते हाय ना?

डॉक्टर : आहे म्हणजे! आधी रडेचना. थापट्या मारून माझे हात दुखले. मग जी रडायला लागली ती थांबेना. अजून कानात घुमतंय माझ्या. बाई राहिल्यात तिकडंच.

रामराव : पांडुरंगा... बसा, डाक्टर. अथी कडब्यावर बसा. तुमाले काय देऊ मी? घरात बाईमानूस नाही. शेजारच्या तानुबाईनं पुरनाच्या पोळ्या आनून देल्ल्या, त्या हायेत.

डॉक्टर : द्या. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आणि एक सांगून ठेवतो, राग मानू नका. मोटार मी सडकेवर धर्मशाळेपाशी उभी केली आहे. पुढच्या महिन्यापासून दुसरी जागा बघणार. ज्या घरातून मोटार कोंडवाड्यात जाते त्या घरात मी राहत नसतो.

रामराव : पाहा ना. खुशाल पाहा. मोठ्या दरोज्याची पाहा. मीबी आता डाक्टर ठेवाचा नाही. वकील ठेवीन. त्याइच्याजवळ मोटार नसते.

डॉक्टर : हल्ली वकिलांकडंच असते.

रामराव : मंग कोनालेच ठेवत नाही! खोल्यात कडबा भरीन. तूप घ्या पोळीवर, कोरडी काऊन खाऊन राह्यले?

डॉक्टर : घेतो. पोळा फुटला का?

रामराव : कवाचाच. पयली जोडी उकंडरावाची निंघाली. मी गेलो नाही, पन वाजा अथीपर्यंत ऐकू येत होता. मंग आला होता तो. या जोडीपुढं पोळी ठेवली, हात जोडले अन् गेला.

डॉक्टर : फार लागलंय का मनाला? मान गेला त्याचं?

रामराव : लागलं. खोटं कायले बोलू? उद्या पारावर कोन्या तोंडानं बसू हे समजून नाही राह्यलं. पन अथी त्याच्यानं नाही बसलो.

डॉक्टर : मग?

रामराव : तुमी मोटारीत होते, तुमाले दिसलं नसन. म्या जू उचललं ना, तवा वाटलं, याले काल जेवाले ये म्हनलं अन् आज हे. आता हा अंग झटकन, मांगं सरन. त्यानं मांगं सरावं असंच वाटत होतं मले. चार शिव्या देल्ल्या असत्या, दोन कोरडे ओढले असते, अन् मोकळा झालो असतो.

डॉक्टर : आणि?

रामराव : पवळ्यानं सोताच खांदा पुढं केला. रोजच्यासारखा.