क्लेमचं नाक

...आणि काठी? काठीनं मारायचं म्हणजे काय? तेही सासऱ्यानं जावयाला, भर क्लबात, अख्ख्या गावासमोर! तुम्हाला सांगतो, फोटोच छापला होता हो मी, खून नव्हता केला कुणाचा!

एकसष्ट साली आमच्या वॉलन क्रीकनं ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलचा चषक जिंकला. एकदाच, पुन्हा म्हणून नाही. त्या संघातला एकच गडी उरलाय, आमचा सासरा क्लेम, वय सत्त्याऐंशी. मॅच संपल्या संपल्या काढलेला फोटोही एकच, आणि त्याला घडी पडलेली बरोब्बर म्हाताऱ्याच्या नाकावर! म्हटलं, आणा इकडे. सात रविवार कॉम्प्युटरवर डोळे फोडले, घडी बुजवली, पारदर्शक निगेटिव्ह काढली, मग अगदी जुन्या पद्धतीनं कागदाला रसायनांचा मसाला फासला, वर निगेटिव्ह, वर काच, ठेवलं उन्हात, धुतलं नळाखाली... आहाहा, काय निळा आला म्हणता!

निळा! त्या पद्धतीत निळाच येतो हो! पण आम्ही लाल-काळेवाले, आणि निळा ब्रॅम्बल पॉइंटचा, ज्यांना त्या फायनलमध्ये लोळवलं त्यांचा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

शनिवारी क्लबात फोटोवरचा पडदा ओढला. तोच बारमागून डार्लीन किंचाळली, "मेल्या नेव्हिल, आमच्या पोरांना ब्रॅम्बलचे कपडे घातलेस?" आणि सॉसची बाटली माझ्या कानाजवळून गेली. खाटीक ट्रेव्ह ओरडतोय, "सोडा मला! सोडा! हाडं मोडतो याची!" अहो, त्याला कुणी धरलंच नव्हतं! एकजण म्हणाला, रंग तसा बरा आहे, तर त्याला आधी बदडला. खुर्च्या काय, गरम मटण-पॅटिस काय, सगळं हवेत! फोटोच होता ना? खून नव्हता ना?

मी टेबलाखालून ओरडतोय, "चहात बुडवतो! कडक चहात बुडवला की काळपट होतो!"

"आता वर बुडवणार पण?" ट्रेव्हनं टेबलच उचललं.

तेवढ्यात क्लेमनं काठी वर केली. ट्रेव्हनं टेबल परत खाली ठेवलं. म्हातारा चष्मा लावून फोटोला जवळजवळ चिकटला. वाटलं, वाचलो!

"नेव्ह, हे नाक कुणाचं?"

"तुमचंच की... म्हणजे घडीत गेलं होतं, म्हणून फोटोत शेजारी उभ्या असलेल्या रे टलकचं बसवलं..."

"गधड्या! पहिल्याच क्वार्टरला त्यांच्या सेंटरच्या गड्यानं कोपर घालून माझं नाक फोडलं! तसाच रक्त गिळत खेळलो, शेवटचा गोल मारला! दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं ओढून सरळ केलं, तेव्हापासून लोक म्हणतात, क्लेम थापा मारतो. पुरावा म्हणून हा एकच फोटो होता रे, वाटलं घडी गेली की नाक दिसेल..."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी! टेबलाखालून बाहेर आलो, मिठी मारायला हात पसरले, आणि कट्टकन काठी बसली. नाकावर!

रक्ताची धार लागली. माझी सख्खी बायको वेंडी धावत आली. वाटलं, बर्फ आणला. फोन होता!

"हलू नकोस... बाबा, असंच होतं का हो?"

म्हाताऱ्यानं मान तिरकी करून पाहिलं. "जवळजवळ. पण अजून थोडं डावीकडे."

आणि ट्रेव्ह बाह्या सरसावत पुढे आला...

आता भिंतीवर नवा फोटो लागलाय, वेंडीच्या फोनमधलं माझं नाक बसवून, चहात बुडवलेला, काळपट, झकास! म्हातारा येईल त्याला ओढत नेतो, "बघ, हे माझं नाक! खोटं वाटत असेल तर जावयाला विचार!" आणि मी शेजारी उभा राहून, तोंडानं श्वास घेत, हो म्हणतो.