भिंतीला पाजलेलं पाणी

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे, आमच्या गावात चार घरं गवंड्यांची आणि बाकी सगळे खलाशी, आजोबा गवंडी, अब्बा गवंडी, मी पण गवंडी, शाळेत मन लागत नव्हतं असं नाही हां, लागत होतं, पण अब्बांनी थापी हातात दिली आणि म्हणाले चल, मग खलास. इकडे दुबईला आलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. आधी अल क्वोजला कॅम्पमध्ये, एका खोलीत आठ जण, टॉवरची कामं केली, काचेच्या बिल्डिंगा, त्यात गवंड्याला काय काम, नुसतं सिमेंट फासायचं. मग जुन्या घरांचं काम निघालं आणि कंपनीने विचारलं, जुना चुना कोणाला येतो, मी हात वर केला. तो हात वर केला नसता तर बरं झालं असतं, पण आता काय.

दुबईच्या वर किनाऱ्यावर एक छोटं गाव आहे, नाव लिहू नका. तिथे मोत्यांच्या व्यापाऱ्यांची जुनी घरं, समुद्रातल्या दगडाची, घरात वारा खेचणारे बुरूज असलेली, आणि मध्ये एक छोटी मशीद, इतकी छोटी की नमाजाची चौथी रांग बाहेर उन्हात. ती घरं आता लोक तिकीट काढून बघतात. गाइड पोरगी सांगते की व्यापारी फार दानशूर, मशीद त्यांनीच बांधली. बांधली, हो, पण दगड कोणी वाहिला ते कोणी विचारत नाही. तिथला म्हातारा अरब चौकीदार मला सांगायचा, हबीबी, मोती काढणाऱ्यांच्या कानातून रक्त यायचं आणि दगड वाहायला गुलाम होते, विकत आणलेले. पाटीवर यातलं एक अक्षर नाही. मी पण कोणाला सांगत नाही, माझं तोंड कुठे आहे सांगायला.

तर काय सांगू तुम्हाला, त्यातल्या एका घराच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत, एक कोरलेली जाळी होती, जिप्समची, इकडे त्याला जस्स म्हणतात. शंभर वर्षांची म्हणे. मी मुकादम होतो. इंजिनियरने, इजिप्तचा होता, तीनदा सांगितलं होतं, यल्ला, ऐका सगळे, जस्सला पाणी नाही, एक थेंब नाही. मला समजलं होतं. डोक्याला समजलं होतं, हाताला कुठे समजतं. आमच्याकडे चुन्याची भिंत असो की सिमेंटची, सकाळ-संध्याकाळ पाणी पाजायचं, नाहीतर भिंत मरते, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. मी जाळीखाली हात फिरवला तर पीठ हाताला आलं, कोरडं, भुसभुशीत, मला वाटलं तहानलेली आहे बिचारी. सगळे जेवायला गेले की मी पाइप घ्यायचो आणि पाणी मारायचो. दोन दिवस मारलं. तिसऱ्या दिवशी भिंतीच्या दगडातून समुद्राचं मीठ फुलून आलं, आणि जाळी अख्खी खाली आली, भाकरी तव्यावरून पडावी तशी.

तेव्हा माझ्या हाताखाली इस्माईल भावजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचा, रुकय्या आपाचा नवरा. जन्मभर बोटीवर खलाशी, आपाने रडून रडून सांगितलं म्हणून मीच त्यांना व्हिसा काढून आणलं होतं, हेल्परचं काम, मागे सिमेंटच्या बाथरूमचं काम चालू होतं तिथे बादल्या, पाणी, पाइप, सगळं त्यांच्या ताब्यात. इंजिनियर आला, ओली भिंत बघितली, ओरडला नाही, हळू, मोडक्या हिंदीत विचारलं, पानी किसने मारा. आणि मी, तुम्ही लिहा हे नीट, गोलमाल नको, मी बोट दाखवलं. मला तेव्हा दोन मुलं, मोठीची इंग्लिश शाळेतली ॲडमिशन, बायको इकडे, माझा व्हिसा गेला तर सगळं गेलं. भावजींनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि म्हणाले, हां साब, मैंने मारा.

त्यानंतर दुपारच्या जोहरची अजान झाली आणि आम्ही त्याच मशिदीत गेलो, खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे राहिलो. मला काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. आठवड्यात त्यांचा व्हिसा कॅन्सल, एअरपोर्टला सोडायला मीच गेलो, मी म्हटलं भावजी, परत बोलावतो, इन्शाल्ला. ते म्हणाले, मुलांना नीट शिकव.

बोलावलं नाही मी. समोर आले तर बघायचं कसं. ते परत बोटीवर गेले, ज्या वयात माणूस बोट सोडतो त्या वयात, आणि जाळं ओढायच्या यंत्रात उजवा हात गेला. दोन वर्षांनी माणूसच गेला. मी मय्यतीला गेलो नाही, इकडे काम होतं. काम होतं कसलं, ती पडलेली जाळी इतक्या दिवसांनी नवीन करायला निघाली होती, ती कोरत होतो. रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये बसून जुने फोटो बघून चार महिने कोरली, इतकी हुबेहूब की आता गाइड तीच जुनी म्हणून दाखवते. मला सगळे उस्ताद म्हणतात.

गेल्या थंडीत आपा आली. तिचा मुलगा खलिफा सिटीला नोकरीला लागला, त्याने आणली. म्हणाली, ती भिंत दाखव मला. माझी मुलगी म्हणते, फुप्पी, इट्स जस्ट अ वॉल, चला मॉलला जाऊ. आपा म्हणाली, नाही बाय, मला बघायचीय. बघितली. मग जाळीकडेच बघत, आवाज न चढवता म्हणाली, ते मरेपर्यंत म्हणत होते की चूक माझीच होती, एकदासुद्धा तुझं नाव घेतलं नाही. पण मी अब्बांची, गवंड्याची मुलगी आहे रे. खलाशाचा पोर, तो कशाला भिंतीला पाणी पाजेल, त्याच्या बापाने तरी पाजलं होतं का. मला पहिल्याच दिवशी कळलं, ही बातमी ऐकून फोन ठेवला तेव्हाच.

मी म्हटलं, आपा, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस. ती म्हणाली, बोलून काय, त्यांनी तुला वाचवला, मी त्यांचं केलेलं कशाला मोडू. माझ्या घरी आली, जेवली, बिर्याणी चांगली झालीय म्हणाली, माझ्या बायकोला मिठी मारली. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, आणि दुआ दिली, अल्ला तुला खूप आयुष्य देवो, म्हणाली, आणि सगळं आठवत राहो तुला शेवटपर्यंत. आता दर शुक्रवारी फोन करते, खुशाली विचारते, आणि ठेवताना तीच दुआ देते. मी आमीन म्हणतो, दुसरं काय म्हणणार.